फाटलेल्या आवाजाचे रफूकाम

शिरूर-दौंड परिसरातील अनेक घरांच्या माळ्यांवर जुन्या कॅसेटांची पेटी अजूनही धूळ खात पडलेली असते. त्यात कुणाच्या आजीने गायिलेल्या ओव्या असतात, कुणाच्या वडिलांचे एकादशीचे भजन असते, तर कुणी यात्रेतील तमाशाच्या फडासमोर बसून टेप केलेली गौळण असते. गाणारी माणसे आता हयात नसतात; उरलेली असते ती केवळ चुंबकीय फीत. घरातील एखादा तरुण मोठ्या उत्साहाने ती संगणकावर उतरवून घेतो, नातेवाईक ऐकायला जमतात आणि गाणे ऐन रंगात आले की आवाज फाटतो. हळू गायिलेली ओळ स्वच्छ ऐकू येते; पण आजीने गळा मोकळा सोडला, की त्या जागी नुसता करकराट होतो.

हा करकराट काढून मूळ आवाज परत मिळू शकेल काय, हा प्रश्न अशा प्रत्येक घरात विचारला जातो. ध्वनिसंपादनाच्या संगणक प्रणाली आज सहज उपलब्ध आहेत आणि त्यांतील काही विनामूल्य आहेत. त्या बरेच काही करू शकतात. मात्र त्या काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे समजून न घेता केलेली दुरुस्ती मूळ दोषापेक्षाही घातक ठरू शकते.

आवाजाचा ठेवा

भीमेच्या दोन्ही काठांवरील या पट्ट्यात ध्वनीचा ठेवा मोठा आहे. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशापरंपरेशी घट्ट नाते असलेले गाव. अनेक फडांसाठी वगनाट्ये व लावण्या लिहिणारे लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर याच गावचे. राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराने २०१८ मध्ये त्यांचा सन्मान झाला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. पुणे-सोलापूर मार्गावरील दौंड तालुक्यातील चौफुला हे ठिकाण तेथील कला केंद्रांमुळे संगीतबारीच्या रसिकांना परिचित आहे.

याहून शांत, पण तितकाच मोलाचा ठेवा जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून उभ्या केलेल्या प्रकल्पात महाराष्ट्रातील हजारांहून अधिक गावांतील लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. संगीत आणि संगणक या दोन्ही विषयांचे जाणकार असलेले फ्रेंच अभियंते बर्नार बेल पुढे या कामात सहभागी झाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्या महिलांचे आवाजही या संग्रहात आहेत. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ या संकेतस्थळावर २०१७ पासून हा ठेवा क्रमाक्रमाने प्रकाशित होत आला आहे. ओवी कागदावर उतरवता येते. परंतु तिची चाल, मध्येच घेतलेला श्वास आणि जात्याच्या घरघरीशी जुळलेली लय केवळ ध्वनिमुद्रणातच टिकते. पिठाच्या गिरण्या आल्यावर पहाटेचे दळण थांबले आणि ओवी गाण्याचे निमित्तच संपले. म्हणूनच घराघरांत पडून असलेल्या अशा प्रत्येक फितीला मोल आहे.

आवाज फाटतो म्हणजे काय?

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्या चढउतारांचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो. संगणक ही लहर ठरावीक क्षणांनी मोजतो आणि प्रत्येक मोजमाप आकड्याच्या रूपाने साठवतो. सीडीच्या दर्जाच्या ध्वनिमुद्रणात सेकंदाला ४४,१०० मोजमापे होतात. त्यांना ‘नमुने’ म्हणतात. प्रत्येक नमुना १६ बिटांचा असतो, म्हणजे त्याला उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतचीच किंमत घेता येते. आवाज याहून मोठा आला, तरी आकडा पुढे जाऊ शकत नाही. धान्य मोजताना मापावरची रास हाताने सपाट करावी, तसा लहरीचा माथा छाटला जातो. गोलाईदार शिखराच्या जागी सपाट पठार तयार होते. यालाच ध्वनितंत्राच्या परिभाषेत ‘क्लिपिंग’ म्हणतात; बोलीत आवाज फाटणे.

या छाटणीने केवळ आवाजाची उंची कमी झाली असती, तर ती कानाला फारशी खटकली नसती. पण सपाट माथ्याला दोन्ही बाजूंना कोपरे असतात आणि या कोपऱ्यांतून मूळ गाण्यात नसलेले स्वर जन्माला येतात. गायिकेने ३०० हर्ट्झचा स्वर लावला आणि लहर वरून व खालून सारखी छाटली गेली, तर ९००, १,५०० आणि २,१०० हर्ट्झ अशा विषम पटींतील स्वरांचा जोर अनैसर्गिकरीत्या वाढतो. संगणकात छाटणी झाली असेल, तर २२,०५० हर्ट्झच्या पलीकडचे स्वर मागे दुमडून खालच्या पट्ट्यात येतात आणि त्यांचा मूळ सुराशी कोणताच मेळ राहत नाही. कानाला जाणवणारा करकराट तो हाच. स, श, च अशा व्यंजनांची ओळख ज्या वरच्या पट्ट्यातील ध्वनींवर ठरते, नेमक्या त्याच पट्ट्यात हा कचरा साचतो. त्यामुळे सूर कळतो, पण शब्द कळत नाही.

प्रथम निदान

फाटलेला दिसणारा प्रत्येक आवाज एकाच कारणाने फाटलेला नसतो. कारण वेगळे, तर उपायही वेगळा. संपादन प्रणालीत लहर मोठी करून पाहिली, की बरेचसे निदान डोळ्यांनीच होते.

माथे पूर्णपणे सपाट असतील आणि ते नेमके कमाल मर्यादेवर टेकले असतील, तर छाटणी संगणकात उतरवताना झाली आहे. हा प्रकार सर्वांत सामान्य आणि सर्वांत आशादायक. टेपरेकॉर्डरची तार संगणकाच्या ‘लाइन’ छिद्राऐवजी मायक्रोफोनच्या छिद्रात खोचली, की असे हमखास होते. मायक्रोफोनचे छिद्र अत्यंत क्षीण विद्युतलहरीसाठी बनवलेले असते. तिथे टेपरेकॉर्डरची सशक्त लहर मावत नाही. अशा वेळी दोष फितीत नसतोच. फीत पुन्हा, कमी पातळीवर उतरवून घेणे हाच उत्तम उपाय आणि त्यापुढे कोणतीही दुरुस्ती दुय्यम. त्यापूर्वी टेपरेकॉर्डरचे हेड स्वच्छ करून त्याचा कल फितीशी जुळवून घेतला, तर केवळ तेवढ्यानेही आवाजात लक्षणीय उजळपणा येतो.

माथे सपाट आहेत, पण मर्यादेच्या बरेच खाली आहेत, असे दिसले तर छाटणी आधीच्या एखाद्या टप्प्यावर झालेली असते. फाटलेला आवाज नंतर कुणीतरी लहान करून साठवलेला असतो. आवाज लहान केल्याने फाटलेला भाग सांधला जात नाही. दुरुस्तीच्या वेळी छाटणीची खरी पातळी मात्र शोधावी लागते.

माथे सपाट नसून बोथट, गोलसर दिसत असतील, तर ती चुंबकीय फितीची संपृक्तता होय. फीत एकाएकी नकार देत नाही. ती हळूहळू थकत जाते. हा दोष कानाला सौम्य वाटतो, पण छाटणी नेमकी कुठे सुरू झाली हे ठरवता येत नसल्याने दुरुस्तीला अवघड असतो.

चौथा प्रकार यात्रेतील ध्वनिमुद्रणांत आढळतो. फडाचा अ‍ॅम्प्लिफायरच क्षमतेबाहेर चालवलेला असतो, फाटलेला आवाज कर्ण्यातून बाहेर पडतो, मैदानात घुमतो आणि मग श्रोत्याच्या टेपरेकॉर्डरमध्ये शिरतो. या प्रवासात सपाट माथ्यांचा आकार बदलून ते तिरपे होतात. कानाला आवाज स्पष्ट फाटलेला ऐकू येतो. प्रणालीला मात्र छाटलेले काहीच सापडत नाही.

तुटलेले सांधण्याचे गणित

छाटलेला माथा परत कसा मिळतो? काटेकोरपणे बोलायचे, तर तो परत मिळत नाही. जी मोजमापे झालीच नाहीत, ती कोणत्याही प्रणालीकडे नसतात. पण छाटणीच्या आधीचे आणि नंतरचे नमुने शाबूत असतात. रफूगार फाटक्या जागेच्या कडेचे धागे पाहून वीण ओळखतो, तशी प्रणाली या शाबूत नमुन्यांवरून मधल्या वळणाचा अंदाज बांधते.

सर्वांत साधी रीत म्हणजे दोन्ही कडांचा चढ आणि उतार लक्षात घेऊन त्यांना जोडणारा गुळगुळीत वक्र काढणे. याहून प्रगत रीत ध्वनीच्या पुनरावृत्तीचा उपयोग करते. गायिलेला स्वर काही क्षण जवळजवळ तसाच टिकतो. त्यामुळे पुढचा नमुना मागच्या काही नमुन्यांवरून बऱ्याच अचूकपणे सांगता येतो. यान्सेन, फेल्डहाउस आणि फ्रीस या संशोधकांनी १९८६ मध्ये हरवलेले नमुने भरून काढण्याची अशी पद्धत मांडली. छाटलेल्या ध्वनीच्या बाबतीत एक जादा धागादोराही हाती असतो: हरवलेली किंमत छाटणीच्या पातळीहून मोठीच असली पाहिजे. एबल आणि स्मिथ यांनी १९९१ च्या शोधनिबंधात या अटीचा उपयोग करून दाखवला.

हे गणित कुठवर चालते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ३०० हर्ट्झच्या स्वराचे एक आवर्तन १४७ नमुन्यांत पूर्ण होते. त्यातील वरचे आठ आणि खालचे आठ नमुने छाटले गेले, तर १३१ नमुने शाबूत राहतात आणि दुरुस्ती इतकी बेमालूम होते, की कानाला पत्ताही लागत नाही. पण वर आणि खाली प्रत्येकी चाळीस नमुने गेले, तर निम्म्याहून अधिक आवर्तन हरवलेले असते. अशा वेळी करकराट कमी होतो, परंतु स्वराचा मूळ पोत परत येईलच, असे सांगता येत नाही. ढोलकी, टाळ आणि गळा एकदम वाजत असताना तर पुनरावृत्तीचा आधारही ढासळतो.

प्रत्यक्ष दुरुस्ती

२००० मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली आणि विनामूल्य मिळणारी ‘ऑडॅसिटी’ ही प्रणाली घरगुती कामाला पुरेशी आहे. २००७ मध्ये आलेली ‘आयझोटोप आरएक्स’ ही व्यावसायिक प्रणाली आणि ‘अ‍ॅडोबी ऑडिशन’ यांत छाटणी-दुरुस्तीची अधिक समर्थ साधने आहेत. साधन कोणतेही असो, कामाचा क्रम मात्र सारखाच राहतो.

सर्वप्रथम मूळ फाइलची प्रत करून मूळ फाइल बाजूला ठेवावी आणि तिला पुन्हा हात लावू नये. ती एमपी३ स्वरूपात असेल, तर जवळपास कुठे मूळ वेव्ह फाइल आहे काय, याचा शोध घ्यावा. कारण एमपी३ करताना सपाट माथे खडबडीत होतात आणि प्रणालीला छाटणी ओळखणे कठीण जाते. त्यानंतर प्रत ३२-बिट फ्लोट स्वरूपात बदलावी. या स्वरूपात आकड्यांना पूर्वीची मर्यादा राहत नाही, त्यामुळे दुरुस्त झालेले माथे पुन्हा छाटले जाण्याचे भय नसते.

‘ऑडॅसिटी’त छाटलेल्या जागा तांबड्या उभ्या रेषांनी दाखवण्याची सोय आहे. त्यांवरून दोष किती दाट आहे, याचा अंदाज येतो. मग ‘क्लिप फिक्स’ हे साधन उघडले, की दोन आकडे विचारले जातात. पहिला छाटणीचा उंबरठा. तो सामान्यतः ९५ टक्के असतो. हे प्रमाण निवडलेल्या भागातील सर्वांत उंच नमुन्याच्या तुलनेत मोजले जाते. त्यामुळे त्या भागात फितीचा एखादा मोठा खटका असेल, तर प्रणाली त्यालाच शिखर मानते आणि खरी छाटणी तिच्या नजरेतून सुटते. अशा वेळी खटका वगळून लहान लहान भाग निवडावेत. दुसरा आकडा आवाज किती खाली आणायचा याचा. तो उणे ९ डेसिबल ठेवला, की लहरीची उंची सुमारे ३५ टक्क्यांवर येते आणि वर वाढणाऱ्या नव्या माथ्यांना जागा मिळते. याच कारणाने दुरुस्तीनंतर आवाज लहान झालेला वाटतो. ती चूक नसते.

छाटणीची दुरुस्ती नेहमी सर्वांत आधी करावी. खटके काढणे, फितीची सरसर कमी करणे, सुरांचा समतोल साधणे ही कामे तिच्यानंतर. आधी सरसर काढली, तर सपाट माथ्यांचा आकार बिघडतो आणि पुढची दुरुस्ती आंधळी होते. अखेरीस संपूर्ण ध्वनिमुद्रणाची पातळी एकदाच योग्य उंचीवर आणावी. प्रत्येक टप्प्यावर मूळ आणि दुरुस्त आवाज सारख्या पातळीवर ठेवून ऐकणे आवश्यक आहे, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो.

कर्ण्यातून आलेल्या फाटक्या आवाजावर हे साधन चालत नाही. तिथे वरच्या पट्ट्यातील करकर सौम्य करणे आणि माणसाच्या आवाजाचा पट्टा थोडा उचलून धरणे एवढेच हाती राहते. बरे ऐकू येणे हेच अशा ठिकाणी यश मानावे.

दुरुस्ती की नवनिर्मिती?

गेल्या काही वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधनांनी या क्षेत्रात प्रवेश केला आहे. असंख्य स्वच्छ आवाजांवरून शिकलेली ही साधने, जिथे जुने गणित हात टेकते तिथेही सलग, गोड आवाज उभा करतात. त्यांची किमया थक्क करणारी आहे. परंतु साधनाला आवाज कसा असावा हे शिकवलेले असते. शिरूरच्या त्या विशिष्ट आजीने त्या पहाटे नेमके काय गायिले, हे त्याला ठाऊक नसते. ओवीतील फाटलेला शब्द ‘सासर’ होता की ‘सासरा’, हे ठरवताना साधनाने चूक केली, तरी ती चूक स्वच्छ आवाजात ऐकू येते आणि म्हणूनच ती खरी वाटते. करकराटातील संदिग्धता निदान प्रामाणिक असते.

त्यामुळे ध्वनिसंग्रहाचे काम करणाऱ्यांनी स्वीकारलेला शिरस्ता घरच्या कॅसेटांनाही लावण्यासारखा आहे. मूळ प्रत जशीच्या तशी जपायची, दुरुस्त प्रत वेगळी ठेवायची आणि तिच्यावर काय संस्कार केले याची नोंद सोबत जोडायची. आंतरराष्ट्रीय ध्वनिसंग्रह संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जतनाची प्रत किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटांची असावी आणि तिच्यावर कोणतीही सुधारणा केलेली नसावी. उद्या याहून चांगले साधन निघाले, तर त्याला काम करायला मूळ आवाज शिल्लक असला पाहिजे.

वादातील ध्वनिमुद्रणांना तर हा नियम अधिकच कठोरपणे लागू होतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचे ‘हॅश’ मूल्य नोंदवावे लागते. फाइलमध्ये एका नमुन्याचा बदल झाला, तरी हे मूल्य बदलते. ऐकायला सोपे जावे म्हणून केलेली सद्हेतूची दुरुस्तीही मूळ फाइलवर केली, तर तिच्या विश्वासार्हतेवर प्रश्नचिन्ह उभे राहू शकते.

फाटण्यापूर्वीच

सर्वांत चांगली दुरुस्ती म्हणजे ती करण्याची वेळ न येणे. आज खिशातील फोन हाच ध्वनिमुद्रक झाला आहे. गावातील एखाद्या वृद्धेच्या ओव्या टिपताना तो जात्याला टेकवून न ठेवता हातभर दूर, घडी घातलेल्या कापडावर ठेवावा. पातळी हाताने ठरवता येत असेल, तर आधी सर्वांत मोठ्या आवाजात एक ओळ गायला सांगून शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावे. गाणारी व्यक्ती रंगात आल्यावर आवाज चढतो. ती मोकळीक आधीच राखून ठेवावी लागते. ढोलकीची थाप डोळ्यांनी दिसण्याआधीच मर्यादा ओलांडून जाते, म्हणून तमाशाचे किंवा भजनाचे मुद्रण करताना आणखी खालची पातळी धरावी. २४ बिटांच्या मुद्रणात लहान आवाज नंतर मोठा करता येतो, फाटलेला मात्र अखंड करता येत नाही. ३२-बिट फ्लोट पद्धतीचे नवे ध्वनिमुद्रक हे भय बरेच कमी करतात. तरीही मायक्रोफोनच थकला, तर त्यांचाही इलाज चालत नाही.

माळ्यावरच्या पेटीकडे मात्र थांबायला वेळ नाही. फिती दरवर्षी अधिक ठिसूळ होत आहेत आणि त्या वाजवणारी चालू स्थितीतील यंत्रे त्याहून वेगाने दुर्मीळ होत आहेत. शिवाय आणखी एक दुवा आहे, ज्याची प्रत कोणत्याही संगणकावर निघत नाही. आजीची ओवी ज्यांनी लहानपणी मांडीवर डोके ठेवून ऐकली, अशी माणसे आज सत्तरीत आहेत. जिथे प्रणाली अडखळते, तिथे फाटलेला शब्द नेमका कोणता, हे ती क्षणात सांगू शकतात. म्हणून कॅसेट उतरवून झाल्यावर सर्वांत आधी ती त्यांना ऐकवावी आणि त्या सांगतील ते शब्द वहीत लिहून ठेवावेत. संगणकावरची दुरुस्ती उद्याही करता येईल. ही नोंद करायला मात्र आजचाच दिवस हाताशी आहे.